दोन डबे, एक दोरा आणि एक फितूर

ता. २ बहमन, १३४९ फसली (इंग्रजी डिसेंबर १९३९)

आजपासून रोजनिशी. कारण पुढे कुणीतरी विचारील की बोरीच्या शाळेत, जिथं सायन्सच्या कपाटात एक फुटकं भिंग आणि गांधीलमाशीचं घर एवढंच सामान आहे, तिथं अप्पाराव मास्तरांनी आवाजाचं शास्त्र शिकवलं कसं. तेव्हा पुरावा असावा.

संकल्प तीन. आवाजाचा धडा पाठांतरानं नाही, प्रयोगानं शिकवणार. पुढच्या महिन्यात तालीमातचे, म्हणजे शिक्षण खात्याचे, मोहतमीमसाहेब शाळा तपासायला येतील, त्यांनी प्रयोग बघून माझी परभणीच्या हायस्कुलात बदली करावी. आणि कमी बोलणार.

तिसरा संकल्प बायकोनं, सुमंगलानं, सुचवला. तिचं मन मोडू नये म्हणून लिहून ठेवला.

ता. ४ बहमन

प्रयोग पहिला. घमेल्यावर फडकं ताणून बांधलं, वर ज्वारी पसरली. शेजारी परात बडवली की ज्वारी नाचायला पाहिजे. नाचली नाही. ज्वारी जुनी असावी.

सदर मुदर्रिस दिनकरराव दारातून बघत होते. म्हणाले, कंप म्हणू नका, इर्तिआश म्हणा, शिक्षण उर्दूत आहे. शिवाय म्हणाले, पाऊण तास तुम्हीच बोलायलाय, पोरांना परात कधी देणार? हेडमास्तर झालं म्हणजे सायन्स येतंच असं नाही.

घरी सुमंगला म्हणाली, ज्वारी जड असते, रवा घ्यायचा. तिला शास्त्रातलं काय कळतं.

ता. ५ बहमन

रवा नाचला. अगदी कडेपर्यंत. तसा तो माझ्या डोक्यात आधीपासून होताच.

ता. ८ बहमन

प्रयोग दुसरा, आवाजाचा वेग. मुंजाजी हलगीवाल्याला अर्धा कोस लांब माळावर उभं केलं, हलगी वाजवायच्या टिपरूला लाल चिंधी बांधली. मी पोरांसह शाळेच्या धाब्याच्या छतावर. हात खाली येताना आधी दिसणार, आवाज मागून येणार, मधला वेळ नाडीवर मोजणार. योजनेत खोट नव्हती.

मुंजाजीनं हलगी वाजवली. पण आमच्याकडे हलगी म्हणजे दवंडी. रानातली माणसं कामं टाकून माळावर धावली. कुणी म्हणालं पटकी आली, कुणी म्हणालं सरकार ढोरं मोजायलंय. अर्ध्या गावानं ढोरं ओढ्यात लपवली. मुंजाजीभोवती एवढी गर्दी झाली की चिंधी दिसेना. एवढी माणसं जमल्यावर काहीतरी सांगावं लागतं म्हणून त्यानं सांगून टाकलं की अप्पाराव मास्तरांनी समद्यांना शाळेत बोलावलंय.

संध्याकाळी पोलीस पाटील घरी. दिनकररावांची लेखी ताकीद. नाडी मात्र छान चालत होती.

ता. ११ बहमन

प्रयोग तिसरा, आणि हाच मला परभणीला नेणार. डाकबंगल्याच्या खानसाम्याकडून सिगारेटचे दोन गोल डबे आणले. बुडाला भोकं, त्यातून मेण लावलेला चांभारी दोरा. एक डबा माझ्या क्लासच्या खिडकीत, दुसरा अंगणापलीकडे दिनकररावांच्या खोलीत, त्यांच्या खुर्चीशेजारी. मोहतमीमसाहेब त्याच खुर्चीत बसणार, म्हणून.

तिकडे चंद्रभान चपराशाला बसवलं. मी डबा तोंडाशी धरून विचारलं, ऐकू येतं का? जबाब दे. परत विचारलं. पुढे शास्त्र समजावून सांगितलं. परत विचारलं. अर्धा तास झाला, जबाब नाही.

चंद्रभान म्हणतो, मास्तर, मी हर टायमाला जबाब द्यायलो, तुमचंच चालू व्हतं. चूक झाकायला माणूस काय वाटेल ते बोलतो.

प्रयोग फसला. दोष दोऱ्याचा. तपासणीपर्यंत लटकू दे, शोभा येते.

ता. १६ बहमन

मधल्या सुट्टीत रोजच्याप्रमाणे व्यंकटरावांशी बोललो. व्यंकटराव हिसाब शिकवतात. बारा वर्षांचा दोस्त, रोजची सुट्टी माझ्या क्लासमध्ये. या शाळेत माझं ऐकून घेणारा एवढाच माणूस.

एक गंमत सापडली. बोलताना डबा तोंडापुढे धरून दोरा ताणला की हाताला आधार मिळतो आणि आवाज भारदस्त वाटतो. व्यंकटरावांना सांगितलं, शाळेच्या बागेतली वांगी दिनकररावांच्या घरी जातात, हे मी मोहतमीमसाहेबांच्या कानावर घालणार.

ता. १७ बहमन

दिनकररावांनी वांग्यांचं रजिस्टर काढून मला दाखवलं. वर म्हणाले, चार तुमच्याकडेही पाठवतो. यांना कळलं कसं?

ता. २१ बहमन

काल व्यंकटरावांना म्हणालो, दिनकरराव सुट्टीत खोलीत झोपतात. आज दिनकरराव वाटेत भेटून म्हणाले, मी झोपत नसतो अप्पाराव, डोळे मिटून ऐकत असतो.

जेवण गेलं नाही. मी ही गोष्ट एका माणसाला सांगितली. एकालाच.

ता. २५ बहमन

शंका घेऊन भागत नाही, प्रयोग केला पाहिजे. नियम असा की एकच बाब बदलायची, बाकी सगळं तेच ठेवायचं. बदललेली बाब म्हणजे साफ खोटी बातमी. दिनकररावांविरुद्ध मी परभणीला निनावी अर्ज धाडलाय, असं व्यंकटरावांना सांगितलं. बाकी सगळं तेच: तीच खोली, तीच वेळ, हातात तोच डबा. दार लावून घेतलं.

ता. २६ बहमन

दिनकरराव सकाळीच म्हणाले, अर्ज मागं घ्या, शोभत नाही.

आयुष्यातला माझा पहिला बिनचूक प्रयोग, आणि निघालं काय? बारा वर्षं ज्याच्या ताटात जेवलो तो फितूर.

ता. २७ बहमन

सगळ्या मास्तरांसमोर बोललो. व्यंकटरावांना अस्तनीतला निखारा म्हणालो. याच्या पोराच्या आजारपणात मी रात्रंदिवस पायाशी बसलो, तेही काढलं. काढायला नको होतं, पण निघालं.

व्यंकटराव उठून उभे राहिले. मग म्हणाले, अप्पा, बारा वर्षं मी तुझंच ऐकायलोय. दुसऱ्याला सांगायला मला सवड कवा मिळाली? आणि टोपी घेऊन निघून गेले. दिनकरराव तिथंच होते. खाली बघत होते. त्यांना माझी कीव आली असणार.

ता. ४ अस्फंदार

व्यंकटरावांनी स्वतः मागून पाथरीला बदली घेतली. आज मोटारीनं गेले. सुमंगला दशम्या बांधून द्यायला स्टँडवर गेली होती. मी गेलो नाही. दगा त्यानं दिला, निरोपाला मी का जावं?

सुट्टी फार लांब वाटते.

ता. १० अस्फंदार

तपासणी. लिहायचं नव्हतं, पण पुरावा असावा असं मीच पहिल्या पानावर लिहून बसलोय.

रवा नाचला. साहेब खूश. मग दिनकरराव आपणहून म्हणाले, डब्यांचा प्रयोग बघा हुजूर, लाजवाब चालतो. फसलेला प्रयोग मुद्दाम पुढे करतात.

साहेब दिनकररावांबरोबर त्यांच्या खोलीत गेले. मी डबा तोंडाशी धरून सुरू झालो. थोड्या वेळानं चंद्रभान अंगण ओलांडून धावत आला. म्हणाला, साहेब म्हणायलेत बस करा आणि डबा कानाला लावा.

कानाला. तो डबा मी आजवर कानाला लावलाच नव्हता.

लावला. आत दिनकररावांचा आवाज, शेजारी बसून बोलावं तसा. म्हणाले, ऐकू येतं का अप्पाराव? मला महिन्यापासून येतंय. वांगी, झोप, अर्ज, समदं.

साहेबांनी शेऱ्यात लिहिलं, उत्तम प्रयोग. बदलीची शिफारस केली नाही. दिनकररावांनी त्यांना सांगितलं, असा मास्तर बोरीलाच राहू द्या. मी विचारलं, त्या दिवशी सगळ्यांसमोर गप्प का बसलात? म्हणाले, तुम्ही मधे थांबलाच नाहीत.

व्यंकटरावांनी एक शब्द बाहेर सांगितला नव्हता. एकही. मला रडू आलं. सुमंगला काही म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

ता. १६ अस्फंदार

जुम्म्याची सुट्टी. दोन मोटारी बदलून पाथरीला गेलो. संकल्प: माफी मागायची आणि गप्प बसून त्याचं ऐकायचं.

व्यंकटरावांनी चहा केला. बारीक झालेत. मी माफी मागितली. नीट कळावी म्हणून सगळं पहिल्यापासून सांगितलं: रवा, हलगी, मेण, दोऱ्याचा ताण, दिनकररावांचा दगा, साहेबांचा शेरा. दोन तास गेले. मन हलकं झालं. तो स्टँडपर्यंत पोचवायला आला.

मोटार सुटली तेव्हा तो खिडकीशी येऊन काहीतरी म्हणाला. त्याच वेळी मी त्याला सांगत होतो की पुढच्या वेळी दोरा रेशमी घेणार.

काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. शेजारच्या म्हातारीला विचारलं. ती म्हणाली, मला वाटलं तुमी ऐकायलाय.