पोरीला नापास करा

नेरूळ, रविवार

माय,

तुला आणि धम्मपालदादाला जयभीम. फोनवर तू नुसतं बरंय म्हणतेस, म्हणून लिहितेय. गुडघा खरंच कसा आहे?

मी मजेत आहे. जर्मन विभागाची प्रमुख झाल्यापासून वेगळी केबिन मिळालीय. पंखा तेवढा खडखडतो.

आमच्या संस्थेतल्या मुली जर्मन शिकून जर्मनीला नर्सच्या नोकरीला जातात. काल शिरवण्याच्या चांगुणाबाई सुके बोंबील घेऊन आल्या. त्यांची रुतिका वर्गात सगळ्यात हुशार. म्हणाल्या, "बाय, माजे पोरीला नापास कर. ती माजं ऐकनार नाय. येकलीच हाय मना."

मी नियम सांगितले, बोंबील परत केले. त्या पिशवी उचलून निघून गेल्या. वास मात्र केबिनमध्येच राहिला.

उद्या रुतिकाची तोंडी परीक्षा मलाच घ्यायचीय. ती पास होणार, मीच करणार. तरी कालपासून जीव थाऱ्यावर नाही.

माझी बारावीची परीक्षा झाली, मी मुंबईला जायचा हट्ट धरून बसले होते, तेव्हा तू आमच्या सरांकडे गेली होतीस. पेढे द्यायला गेले, म्हणालीस. पण माय, तेव्हा निकाल कुठे लागला होता?

तुझीच,
सोनम