चपट्या वायरीची बाजू

मु. पो. कडाव, ता. कर्जत
१४ ऑक्टोबर १९८३

तीर्थस्वरूप शरच्चंद्र भाऊजी यांस,

हरीचा साष्टांग नमस्कार. अँटेना मी स्वतः केली आहे. तिच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कांड्या मी कापल्या, जुन्या लोखंडी पाइपाचा खांब मी उभा केला, टीव्हीचे टेबल माझे, टीव्हीवरचा पडदा शिवला तोही मीच (शिवणाचे मशीन मी दुरुस्त केल्यापासून ते सुचेताला चालत नाही, फक्त मलाच चालते). विकत आणली ती वायर तेवढी, आणि तुमचे माझे वाजले ते नेमके वायरीवरून. म्हणून आधी प्रकृतीचे विचारून घेतो. चारुताईचा गुडघा कसा आहे? तुमचे पित्त? आमच्याकडे सर्व क्षेम आहे. सोमवारी नव्हते.

गणपतीत आलात तेव्हा तुम्ही सांगून गेलात, की अँटेनापासून टीव्हीपर्यंत गोल वायर घ्या, चपटी घेऊ नका. मी कर्जतच्या दुकानात दोन्ही हातात घेऊन पाहिल्या. गोल वायरीत मध्ये एक तार, तिच्याभोवती जाळी, वर काळे आवरण. आत काय चालले आहे ते कळायला मार्ग नाही. चपटीचे तसे नाही. दोन कडांना दोन तारा, मध्ये पट्टी, सगळा कारभार उघडा. शिवाय आमच्या टीव्हीला मागे स्क्रू दोन. दोन स्क्रूंना दोन तारा, हे कोणीही मान्य करील. (तुम्ही म्हणाल, मध्ये ती छोटी डबी लावली की गोल वायरही दोन स्क्रूंना जोडता येते. जिला मध्यस्थ लागतो ती वायर मी घरात घेत नाही.)

तेव्हा चपटी घेतली आणि बसवली अशी, की बघणाऱ्याने बघत राहावे. खांबाला घट्ट चिकटवून, वितीवितीवर बारीक तारेने बांधून, तिथून अंगण ओलांडून पत्र्याच्या पन्हळीला लगटून खिडकीत. कुठे ढिली नाही, कुठे लोंबत नाही. चित्र मात्र यायचे ते असे: बातम्या देणाऱ्या बाईंच्या शेजारी पुन्हा त्याच बाई, जरा फिकट, आणि दोघींच्या अंगावर मुंग्या. मी म्हटले, माथेरानचा डोंगर आडवा येतो.

एरवी मी डोंगरावर ढकलून मोकळा झालो असतो. पण शेजारच्या येसूबाईला टीव्हीवाल्यांनी मुंबईला नेऊन तिची भात लावतानाची गाणी घेतली होती, आणि ती या सोमवारी संध्याकाळी दाखवणार होते. एकदाच. म्हातारी सत्तरीची. तिने स्वतःला आजवर पाहिले ते मुलाच्या दाढीच्या आरशात, म्हणजे एका वेळी कपाळ, नाहीतर हनुवटी. कडावात टीव्ही दोन. दुसरा सरपंचांचा, तो बंद (मी बघतो म्हटले होते, त्यांनी बघू दिला नाही). म्हणजे येसूबाई दिसली तर माझ्या वायरीतून, नाहीतर नाहीच.

सोमवारी ओसरी भरून माणसे. टीव्ही लावला. मुंग्याच मुंग्या, बातम्यांची बाई एकसुद्धा नाही, मग दुसरी कुठली? कमळ्या (व्हिडिओवर सिनेमे दाखवतो, म्हणून स्वतःला या खात्यातला समजतो) मागून म्हणाला, "हरीभाऊ, चित्र नाय तर नाय, मुंग्यांना गूळ तरी ठेवा." मी स्क्रू सोडले, आवळले, टीव्हीच्या पाठीत थाप घातली. येसूबाई सर्वांत पुढे, हात मांडीवर ठेवून काचेकडे बघत बसली होती. मग एकदम उठली आणि म्हणाली, "हरीदादा, तवर माजं लुगडं वाललं का बगते. मुंबैला नेसलेलं त्येच नेसून बसनार हाय. नायतर लोकांना कसं कलंल, ती बी मीच आन ही बी मीच?"

मी विचारले, लुगडे कुठे आहे?

"तू नवी दोरी तानलीस ना अंगनात, तिच्यावर. लई सोयीची हाय रं."

नऊवारी, सुती, न पिळता टाकलेले हिरवे लुगडे दुपारपासून माझ्या चपट्या वायरीवर ठिबकत होते. मी ते ओढून काढले. त्याच्या ओझ्याने माझे सगळे बांध सुटले होते, आणि वायर खांबापासून, पन्हळीपासून हातभर लांब, झोपाळ्यासारखी लोंबत होती. मला ते पाहवेना. नीट बांधायला शिडी लावतो, तोच आतून सुचेता म्हणाली, "अहो, आता कशालाही हात लावू नका. आलंय चित्र."

आले ते असे, भाऊजी, की मुंगी एक नाही. येसूबाई एकच, पण स्वच्छ. कुठले दात पडलेत ते दिसत होते. खरी येसूबाई ओले लुगडे खांद्यावर टाकून काचेतल्या येसूबाईबरोबर गाऊ लागली, आणि एके ठिकाणी काचेतली अडखळली तेव्हा तिला म्हणाली, "इसरलीस ना भवाने, घरी काय सांगितलेलं?" कमळ्याही मान डोलवून ऐकत होता. मी शिडीवरच बसून खिडकीतून शेवटपर्यंत पाहिले.

यावरून सिद्ध झाले, की चपटी वायर उत्तमच. तिला फक्त लोखंडाचा शेजार आणि ओल सोसत नाही, आणि हे मला कोणी न सांगता कळले. चारुताईस नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
हरी

ता. क. – येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पंचवीस मीटर गोल वायर पाठवावी. त्या छोट्या डबीसकट. तुलनेसाठी हवी आहे.

आणखी ता. क. – खरे काम वेगळेच. टीव्हीत तुमच्या ओळखीचे कोणी असल्यास तो कार्यक्रम पुन्हा दाखवतील का, ते विचारावे. सगळे गेल्यावर येसूबाई एकटी मागे राहिली. टीव्हीवाल्यांनी दिलेल्यातून वाटखर्च जाऊन उरले होते ते तिने कनवटीतून काढले, माझ्या टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "हरीदादा, आता आजून येक डाव लाव." मी घेतले नाहीत. एकसष्ट रुपये होते.