लाल शाईतला शेरा

मी, गेल्या महिन्यात विद्यापीठातून विभागप्रमुख म्हणून निवृत्त झालेला, वय साठ, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दडपणाविना लिहीत आहे. 'दडपणाविना' हा शब्द मी नोकरीत अनेक कागदांवर लिहिला. खरा तो आज पहिल्यांदा आहे.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक पत्नीला, तिच्या पश्चात मुलीला मिळावी. जावयांनी बैठकीची भिंत पाडायचा नाद सोडावा.

२. पुस्तकं ग्रंथालयाला द्यावीत. खुर्चीवरची उशी कुलसचिवांना. पाठ धरली म्हणून मी नवी खुर्ची मागितली, तेव्हा त्यांनी मला ताणमुक्तीच्या व्याख्यानाला पाठवलं. ते दोन तास उभ्याने ऐकलं.

३. आमच्या विभागात एक बाई नऊ वर्षं कंत्राटावर शिकवत होत्या. त्यांना सगळे 'हंगामी' म्हणत, मीसुद्धा. दोघांचे तास त्या एकट्या घ्यायच्या. कर्मचारी-स्वास्थ्याची प्रश्नावली आली तेव्हा त्यांनी लिहिलं, "विभागाच्या पायऱ्या चढताना मळमळतं. झोप लागत नाही. कामाला नाही म्हटलं तर पुढची नेमणूक जाईल, अशी भीती वाटते." मी समासात लाल शाईने शेरा मारला, 'विधाने मोघम. पुरावा नाही. पुन्हा लिहा.' जित्याची खोड, हातात कागद आला की तपासायचा. दुसऱ्या प्रतीवर त्यांनी एकच शब्द लिहिला, "ठीक." तीच प्रत मी वर पाठवली आणि विभागाला कौतुकाचं पत्र आलं.

पुढच्याच सत्रात त्या शिकवता शिकवता वर्गात कोसळल्या. आजारपणाची रजा नाकारली गेली, नेमणूकही थांबली, कारण कागदोपत्री त्या 'ठीक' होत्या. पहिली प्रत माझ्या कपाटात आहे. त्या शेऱ्याची मला लाज वाटते. माझ्या मृत्यूनंतर ती प्रत बाईंना द्यावी.

४. ग्रंथपालांना साक्षीदार म्हणून बोलावलं, पण न वाचता सही करणं त्यांच्या रक्तात नाही. तिसरं कलम वाचून त्यांनी चष्मा काढला.

"सर, नेमणूक थांबवल्याची बाईंनी तक्रार केलीय, समितीपुढे त्यांची सुनावणी परवा आहे. तुमची तब्येत तर ठणठणीत दिसतेय."

"अहो, नाव खराब होईल माझं."

"ते मेल्यावरही होणारच. फक्त तेव्हा तुम्हाला कळणार नाही."

दुसरे साक्षीदार, आमचे डॉक्टर, हसले. मला हसू आलं नाही. मी पेनाचं टोपण पुन्हा काढलं.

५. कलम तीनमधलं शेवटचं वाक्य रद्द. परवा ती प्रत घेऊन मी स्वतः समितीपुढे उभा राहीन आणि शेरा माझा आहे, हे सांगेन. बाकीची कलमं माझ्या मृत्यूनंतर लागू होतील. हे आजपासून.

साक्षीदार: ग्रंथपाल (वाचून सही), डॉक्टर (सही)
ठिकाण: राहतं घर, जेवणाचं टेबल
दिनांक: बारा जून
लिहून देणार: (सही, निळ्या शाईत)