एका चौकटीत तीन बाण

शनिवार, १३ नोव्हेंबर २००४. पाडवा

परवेज जिवंत आहे. सरकारी दवाखान्यातल्या ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी सकाळी सांगितलं. शुद्धीवर नाही. कवटीला तडा, डावीकडच्या बरगड्या गेल्या.

काल वामनरावांच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, काटापूजन होतं. दरवर्षीचंच. लक्ष्मीपूजनाला तराजूची पूजा, मग शोभेची दारू, मग पहिल्या गाडीचा भाव. त्या भावासाठी कापसाच्या गाड्या आवारात रांगेनं उभ्या. कापसाच्या आवारात दारू उडवायची! आणि दरवर्षी आपण टाळ्या वाजवतो. मी फोटो काढतो.

दारू अब्दुल रहीम आतिशबाजांची. रोजा सोडून बापलेक कामाला लागले – लाकडी घोडीवर बाण रचायचे, परवेजनं बत्ती द्यायची. वामनरावांचा गजेंद्र बंगल्याच्या गच्चीवरून मित्रांबरोबर बाजारातली रॉकेटं सोडत होता. मी पाण्याच्या टाकीवर ट्रायपॉड लावून. माझी पद्धत ठरलेली : शटर उघडं ठेवायचं, एक बाण विझला की भिंगापुढं काळा पुठ्ठा धरायचा, दुसरा सुटला की काढायचा. एका चौकटीत तीन-चार बाण गोळा होतात. आकाश भरल्यासारखं दिसतं. वाचकांना आवडतं.

मग कापसाच्या गंजीतून एकदम जाळ! नत्थुजींची गाडी अगदी लागून, बैल गाडीलाच बांधलेले. एक बैल दावं तोडून पेटलेला पळाला – रांगेतून, दुसऱ्यांच्या कापसावरून. त्याचा आवाज लिहिता येत नाही.

परवेज दुसऱ्या बैलाचं दावं सोडत होता. तिथंच त्याला धरलं. गाड्यांच्या कडेच्या लाकडी उभाऱ्या उपटल्या आणि हाणलं. खाली पडल्यावरही हाणलं. हाणणारे सगळे ओळखीचे, पोळ्याला ह्यांचेच फोटो काढलेत. अब्दुल रहीम त्याच्यावर आडवे पडले तेव्हा थांबले.

नत्थुजींनी वर पाहिलं. "माहा बैल जळून राह्यला, अन तू फोटो काढून राह्यला बे!"

खरं आहे. शटर उघडंच होतं.

दुपारी घरच्या अंधाऱ्या खोलीत रोल धुतला. एक चौकट उत्तम. ट्रेमध्ये आधी काळं आकाश उमटलं, त्यात जाळ आणि रेघा पांढऱ्या राहिल्या, शेवटी माणसं. कागद वाळायच्या आत ऑफिसला पाठवला. लक्ष्मीपूजनाच्या सुटीमुळे आज अंक नव्हता. उद्या येईल.

रविवार, १४ नोव्हेंबर

पहिल्या पानावर पाच कॉलम. मी ओळ दिली होती : 'काटापूजनाच्या वेळी जिनात आग'. डेस्कवर कोणीतरी ती काढून 'याच बाणाने केला घात' टाकली. वर घोडीपासून गंजीपर्यंत पांढरे ठिपके मारले. म्हणजे पोरालाही समजावं.

संपादक भगवंतराव फोनवर – "काय फोटो आहे! एका स्टॉलवर अंक उरला नाही."

बारा वाजता लोक अंक घेऊनच अब्दुल रहीमांच्या घरी गेले. मी पोचलो तेव्हा दार फुटलेलं होतं. घरातलं सगळं रस्त्यावर – भांडी, गाद्या, ईदचे नवे कपडे. मागच्या पत्र्याच्या खोलीत दारूचा कच्चा माल. पेटता बोळा तिथं पडला. धडाका इतका मोठा की समोरच्या कडुनिंबाची पानं झडली. उडालेल्या पत्र्यानं जाळणाऱ्यांतल्याच एकाचं मनगट कापलं. तो ते दुसऱ्या हातात धरून उभा, "पकडा रे, पकडा" म्हणतोय. काय पकडायचं?

रजियाबी, परवेजची आई, पाण्याची बादली घेऊन आत शिरल्या होत्या. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

परवेजच्या खाटेशी आता शिपाई बसवला आहे. त्याच्यावर गुन्हा दाखल. पुरावा : माझा फोटो.

संध्याकाळी चांद दिसला.

सोमवार, १५ नोव्हेंबर. ईद

दवाखान्यात गेलो. रजियाबीही तिथंच, लेकापासून दोन वॉर्ड सोडून. अब्दुल रहीम मधल्या ओट्यावर. कोणीतरी शीरखुर्म्याचा डबा दिलेला, उघडलेला नाही. "ईद मुबारक" म्हणायला गेलो, तोंडात राहिलं.

"बसा भाऊ," म्हणाले. मग घडी केलेला अंक काढला. "तुमी डोळ्यानं पाह्यलं काय, पोराचा बाण गंजीवर पडतानी?"

"नाही."

"मंग ह्या कागदानं कसं पाह्यलं?"

"तुम्ही पाहिलं का?"

"मी घोडीखाली वाकलो होतो. जाळ झाला तवा उठलो." अंकाची परत घडी घालत – "लग्न कोणाचं बी असो, ह्या गावात दारू आमची. आता पोट्टे मले 'बॉम्बवाला' म्हणून राह्यले."

घरी येऊन निगेटिव्ह भिंगाखाली धरली. वर जाणारी रेघ एकीकडे संपते, खाली येणारी दुसरीकडे सुरू होते. मधे कोरं. ते कोरं म्हणजे माझा पुठ्ठा! दोन वेगळे बाण, दोन वेगळ्या वेळा. ठिपक्यांनी जोडलं ते आकाशात कधी जोडलेलं नव्हतंच. खाली आलेला घोडीवरचा की गच्चीवरचा, निगेटिव्ह सांगत नाही. हे मला शनिवारीच दिसायला हवं होतं. मी जाळ पाहत होतो.

ठाण्यात जाऊन सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं. "लेखी द्या. शुक्रवारी अकराला जबाब घेतो. निगेटिव्ह आणा."

मंगळवार, १६ नोव्हेंबर

"खुलासा? आपल्याच फोटोचा?" भगवंतरावांनी चष्मा काढला. "अहो, वीस वर्षं काढली तुम्ही ह्या धंद्यात."

"म्हणूनच."

"लोक आपल्याला हाणतील."

"सध्या दुसऱ्यांना हाणताहेत."

शेवटी हो म्हणाले. तिथंच बसून लिहिला, तीन वाक्यं. या फोटोत वेगवेगळ्या वेळी उडालेले तीन बाण एकाच चौकटीत आले आहेत. गंजीवर पडलेला बाण कोणाचा, हे फोटोवरून सांगता येत नाही. त्या वेळी बंगल्याच्या गच्चीवरूनही रॉकेटे उडवली जात होती.

"हे शेवटचं कशाला?"

"खरं आहे म्हणून."

त्यांनी पेन्सिल उचलली, परत ठेवली. वाक्य राहिलं. बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

बुधवार, १७ नोव्हेंबर

लोकांनी फक्त तिसरं वाक्य वाचलं.

दहाच्या सुमाराला बंगल्यासमोर दोनशे तरी माणूस. त्याच उभाऱ्या. पुढं नत्थुजी – पाच दिवसांत वाळलेले, डोळे लाल. वामनराव गॅलरीतून हात जोडत होते. पहिला दगड त्यांच्या खांद्याला लागला, मग एकही काच उरली नाही. फाटक पडलं. गजेंद्रला जिन्यावरून पायांना धरून ओढत आणलं, डोकं प्रत्येक पायरीवर आपटत. "भाऊ, मी नाई, मी नाई!" म्हणत होता. शनिवारी सकाळी माझ्याशी फोनवर बोलताना हाच परवेजबद्दल म्हणाला होता, "पोट्ट्याले अजून दोन पडाले पायजे होत्या."

नत्थुजींनी उभारी उचलली तेव्हा मी त्यांचा हात धरला. झटकून टाकलं मला.

"सोड! आता काढ ना फोटो! आता काहून नाई काढत?"

काढला. मग. बोट आपोआप दाबतं. रोल धुतला नाही. भगवंतरावांचे सात फोन. पहिल्या पानावर जागा धरून ठेवली आहे म्हणे.

पोलीस आले तोवर गजेंद्रचा एक डोळा सुजेत दिसत नव्हता. नागपूरला नेलं.

गुरुवार, १८ नोव्हेंबर

डोळा गेला. वामनरावांच्या मुनिमांनी नागपूरहून कळवलं.

परवेज दुपारी शुद्धीवर आला. शिपाई चहाला गेला होता. खोलीत अब्दुल रहीम आणि मी. परवेजनं मला ओळखलं. हळू बोलला, पण सरळ.

"भाऊ, बाण माहाच होता. घोडी कलली होती. मले दिसली. सरळ करतो म्हनलं, तर गच्चीवरचे पोट्टे हासून राह्यले होते – मी बत्ती देल्ली."

अब्दुल रहीमांनी उठून दार लावलं. माझ्याकडे पाहिलं. काही मागितलं नाही.

उद्या अकराला माझा जबाब. फोटोबद्दल विचारतील.

बाहेर बाकावर नत्थुजी येऊन बसले आहेत. परवेजच्या पाया पडायचं म्हणतात. पिशवीत संत्री आहेत. चार वाजता भेटीची वेळ सुरू होते.