शेपटी न बांधलेलं जाळं

मी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा मासेमारी, सध्या गुडघ्यांमुळे बंद, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि राजीखुशीने लिहितो. मला कुणी भरीला घातलेलं नाही. या वयात मला भरीला घालायला कुणाला सवडही नाही. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो मुद्दाम घेतला. गेली नऊ वर्षं बंदरावर माझ्या डोक्याविषयी काय बोललं जातं ते मला ऐकू येतं, आणि उद्या त्याचं निमित्त करून कुणी या कागदाला हात घालू नये.

१. राहतं घर थोरल्या मुलाला. सुनेने स्वयंपाकघराची खिडकी मोठी करून घ्यावी. तिच्या सासूने जन्मभर तेवढंच मागितलं आणि मी "पुढच्या वर्षी बघू" म्हणत राहिलो. ती गेली, खिडकी होती तेवढीच आहे. याचं मला फार वाईट वाटतं. समुद्राकडची खोली मात्र धाकट्या मुलीची. तिने लग्न केलं तरी आणि नाही केलं तरी.

२. होडी व इंजिन थोरल्याला. इंजिन सकाळी खोकतं, त्याला शिव्या देऊ नयेत. जाळी विणायच्या सुया, दोऱ्याची रिळं आणि मोठी कात्री धाकटीला. बचत दोघांत सारखी वाटावी. भांडायचंच झालं तर माझ्या फोटोसमोर भांडू नये.

३. शेजारच्या जागेचा मालक, ज्याला सगळं बंदर भोंगा म्हणतं, त्याला माझ्याकडून काहीही नाही. माझी दुर्बीण त्याच्याकडे आहे. "म्हातारा जाळ्याची शेपटी बांधायला विसरतो आणि रिकामं जाळं ओढत बसतो" ही बातमीही त्यानेच फोडली. पण माझ्या बायकोच्या आजारपणात रोज दवाखान्यात गाडी घेऊन यायचा तोही हाच. म्हणून फिट्टंफाट. दुर्बीण मागू नये.

४. खाडीच्या तोंडाशी दोन खांबांमधली जाळ्याची जागा. हे कलम घराबाहेर जाऊ नये.

ही जागा वडिलांकडून माझ्याकडे आली. हंगामातले दोन महिने शिंगाळा मासा त्याच वाटेने खाडीत शिरतो. मच्छीमार सोसायटीचा नियम असा, की एखाद्या हंगामात जाळं लावलं नाही तर जागा मागेल त्याची. मागणाऱ्यांत पहिला भोंगा.

चाळीस वर्षांपूर्वी एका भरतीला तिथलं जाळं ओढता ओढवेना. होडीत ओतलं तर शिंगाळ्यांनी तोंडातून गोट्यांएवढी पिवळी अंडी ओकली. फळ्यांवर पाय ठरेना. आम्ही म्हटलं, काय हावरट जात आहे, दुसऱ्याची अंडी गिळते! हसत हसत फावड्याने ती पाण्यात लोटून दिली. असे कितीतरी हंगाम गेले. या घराच्या भिंती त्यातूनच उभ्या राहिल्या. पुढे मासा टोपलीभर यायला लागला, मग मोजून पाच. आम्ही गाळाला, हवेला, मोठ्या बोटींना, सगळ्यांना नावं ठेवली.

मग मत्स्यसंशोधन केंद्रातल्या बाई आल्या. मी त्यांच्यापुढे माझं ज्ञान पाजळलं. त्या म्हणाल्या, "काका, त्यांनी ती गिळलेली नसतात. ते बाप असतात. पिल्लं पोहायला लागेपर्यंत अंडी तोंडात सांभाळतात, तोवर स्वतः काही खात नाहीत. खाडीतल्या गवतात पिल्लांना सोडायला येतात." मी घरी आलो आणि ताटावरून उठलो. बायकोने विचारलं, "कुणी काही बोललं का?" काय सांगणार तिला? फावडं माझ्याच हातात होतं.

जागा सोडली तर भोंगा जाळं लावणार, ठेवली तर मी मारणार. म्हणून त्या हंगामापासून मी जाळं लावतो आणि शेपटी, म्हणजे मासळी साठते ते मागचं टोक, बांधत नाही. मासा तोंडातून शिरतो आणि मागून गवताकडे निघून जातो. नियमात जाळं लावावं एवढंच आहे, शेपटीचा उल्लेख नाही. मी तीनदा वाचलं. हे कुणाला सांगितलं असतं तर सोसायटीने दुसऱ्याच दिवशी नियमात शेपटी घातली असती. त्यापेक्षा विसरभोळा म्हणवून घेतलेलं परवडलं. गेल्या वर्षी बाईंनी गवताजवळ साठाच्या वर मासे मोजले. मी त्यांना तो आकडा पुन्हा एकदा सांगायला लावला.

थोरल्या, रागावू नकोस. रिकामं जाळं तुला बघवत नाही, तू दोनदा मला मदत म्हणून शेपटी बांधलीस आणि मला ती चोरून सोडावी लागली. तुला दोन पोरं आहेत, तुझं चुकलं असं मी म्हणत नाही.

धाकटी जाळी दुरुस्त करते. चौथ्या वर्षी तिच्या लक्षात आलं, की सगळं जाळं झिजलंय पण शेपटीची दोरी कोरी करकरीत आहे. तिने काही विचारलं नाही. पुढच्या हंगामाला तिने नवं जाळं विणलं, त्याला दोरी ओवायची जागाच ठेवली नव्हती. मी तिला चहा करून दिला, आयुष्यात पहिल्यांदा. ती म्हणाली, "साखर विसरलात बाबा."

तर ही जागा धाकटीला. गवतात मासा दाटला, असं तुला वाटेल त्या वर्षी खुशाल शेपटी बांध. कुणाला विचारायची गरज नाही.

परवा तिने पहिल्यांदा एकटीने जाळं लावलं. ओलीचिंब परत आली तेव्हा भोंगा आमच्या दारात बसला होता. त्याने हसत विचारलं, "काय गं, यंदा तरी शेपटी बांधलीस का?"

तिने कपाळावर हात मारला. "अगं बाई, विसरलेच की!"

"घ्या!" भोंगा म्हणाला. "ही पण बापावर गेली."

ते खरं आहे, असं मी इथे नमूद करतो आणि सही करतो.

(सही)
लिहून देणार

साक्षीदार, मजकूर न वाचता, सही होताना समक्ष पाहून:
१. (सही) दाखला देणारे डॉक्टर
२. (सही) बर्फाच्या कारखान्याचे मुकादम

ठिकाण: राहतं घर, समुद्राकडची खोली
तारीख: चौदा नोव्हेंबर, जाळं लावल्याचा तिसरा दिवस