आधी पाणी, मग इंजिन

सोमवार, दुपारी १
मिस्त्री मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेले. शेडमध्ये मी एकटा. मालक म्हणाले, पांढरी जेट बोट शनिवारी गिऱ्हाईक न्यायला येणार, त्याआधी पाण्यात न उतरवता स्टँडवरच सुरू करून बघून ठेव. नीट जमलं तर एक तारखेपासून तू इंजिनावर. नाही जमलं तर ब्रश आहेच.
दोन वर्षं बोटींची बुडं घासतोय. ब्रशचे दिवस भरले.
आईला मी इंजिनावर असल्याचं गेल्या वर्षीच सांगून टाकलंय. आता फक्त खरं करायचं राहिलंय.

मंगळवार
सुरुवात स्वच्छतेपासून. इंजिनाच्या झाकणावर पिवळं स्टिकर होतं, कोपरे सुटलेले, मळलेले. चार ओळी इंग्रजी, बाजूला चित्रं. पेट्रोल लावून तासभर खरवडलं. झाकण आता आरशासारखं.
वाचलं नाही. खऱ्या मेकॅनिकला कान लागतात. वाचायचंच असतं तर आठवीत शाळा कशाला सोडली असती?
संकल्प : उद्यापासून रोज अर्धा तास इंग्रजी.

बुधवार, सकाळी ९
मिस्त्रींचा दवाखान्यातून फोन. म्हणाले, पाण्यात असली की बोट तळातून पाणी ओढते आणि इंजिन गार राहतं. स्टँडवर ओढायला काय, हवा? म्हणून नळाचा पाइप जोड. आणि क्रम चुकवू नकोस, झाकणावरच्या स्टिकरवर लिहिलाय.
मी म्हटलं, तुम्ही डोळ्याला जपा, बोटीचं मी बघतो.
कचऱ्याची गाडी काल संध्याकाळीच येऊन गेली. असो.
क्रमात अवघड काय? घरी गीझर लावताना आई ओरडायची : आधी पाणी, मग बटण! इथेही तेच. डोकं चालवलं की स्टिकर लागत नाही.

बुधवार, दुपारी ३
पाइप जोडला. दहा मिनिटं भरपूर पाणी दिलं. मागून जेमतेम धार आली. बिचारं फारच तहानलेलं होतं.
किल्ली फिरवली. टक्.
पुन्हा. टक्.
निदान : बॅटरी.
इंग्रजी उद्यापासून.

गुरुवार
नवी बॅटरी. टक्, पण जोरात. म्हणजे निदान बऱ्यापैकी बरोबर होतं. आणखी पंधरा मिनिटं पाणी दिलं.
संध्याकाळी शेडमधूनच घरी व्हिडिओ कॉल. आईला आणि ताईला बोट सुरू करून दाखवायचं कबूल केलं होतं. किल्ली फिरवली नाही, नुसतं इंजिन आणि चालू पाइप दाखवला. आई म्हणाली, किती चकचकीत ठेवलंस रे! मग विचारलं, एवढं पाणी आत जातंय ते बाहेर कुठून येतं? मी हसलो. म्हटलं, ते टेक्निकल आहे.
ताई म्हणाली, म्हणजे तू पाजतोयस आणि ती पितेय, एवढंच चाललंय ना तुमचं?
ताईला मशिनरीतलं काही कळत नाही.

शुक्रवार, सकाळी ११
ठिणगी बघायला तिन्ही प्लग काढले. किल्ली फिरवली. तीन कारंजी उडाली, दुधाळ, तेलकट, थेट छपरापर्यंत. इंजिन मात्र गरगर फिरलं! इतकं आनंदलो की मागे मालक उभे आहेत हे उशिरा कळलं. शर्ट इस्त्रीचा होता.
ओरडले नाहीत. खिशातून फोन काढला, पुसला आणि मिस्त्रींना लावला.

शुक्रवार, संध्याकाळी ५
मिस्त्री एका डोळ्यावर पट्टी बांधून आले. स्टुलावर बसून हुकूम सोडले. उरलंसुरलं पाणी फेकलं, तेल बदललं, प्लग पुसून लावले. म्हणाले, इंजिन बंद असताना आत सोडलेलं पाणी बाहेर फेकणार कोण, तुझा मामा? ते मागच्या वाटेनं इंजिनाच्या पोटात शिरतं, म्हणून ते नुसतं टक् करून अडत होतं. आणखी दोन दिवस राहिलं असतं तर गंजून जाम.
मग त्यांनी पाणी न देताच इंजिन सुरू केलं! मी किंचाळलो. ते म्हणाले, किंचाळू नकोस, आता नळ सोड.
सोडला. काय आवाज! मागून धो धो पाणी. पट्टीच्या बाजूनंसुद्धा मिस्त्री हसताना दिसले.
बंद करताना आधी नळ, लगेच इंजिन. सगळं गीझरच्या उलट. यात आईची चूक नाही, पण तिनं तसं सांगायला हवं होतं.

शनिवार, दुपारी ४
गिऱ्हाईक खूश होऊन बोट घेऊन गेलं. झाकणाचं विशेष कौतुक केलं.
मालकांनी माझ्या हातात दोन वस्तू दिल्या. ब्रश आणि कोऱ्या स्टिकरांचा गठ्ठा. म्हणाले, क्रम लिही, तुझ्या भाषेत, मोठ्या अक्षरात, आणि शेडमधल्या प्रत्येक बोटीवर चिकटव. नऊ बोटी आहेत. घोटून घोटून अक्षर सुधारलं.
म्हणजे काम इंजिनावरच आहे. झाकणावर.
आईला फोन करून सांगितलं, आता लेखी कामही माझ्याकडे आलंय. तिला अभिमान वाटला. म्हणाली, दाखव. कॅमेरा धरला. चष्मा लावून तिनं चारही ओळी अडखळत, मोठ्यानं वाचल्या :
आधी इंजिन सुरू करा.
लगेच पाणी सोडा.
आधी पाणी बंद करा.
लगेच इंजिन बंद करा.
चष्मा काढला. मग म्हणाली, सोपं आहे की रे. हे तिथं आधी लिहिलेलं नव्हतं का?
तेवढ्यात रेंज गेली. माझ्याच अंगठ्याखाली.