मावळतीआधीचं ताट

मंगळवार, संध्याकाळ

कुपवाडहून घरी पोहोचले तेव्हा दिवस मावळला होता. आईचं ताट झाकलेलंच. मधुमेहाची गोळी मात्र तिने वेळेवर घेतली होती. आणि आम्हा जैनांच्या नेमाप्रमाणे मावळल्यावर अन्नपाणी नाही.

"जेवली का नाहीस?"

"तुझी वाट बघत हुते गं. एकटीला घास उतरत न्हाई. सूर्य काय थांबला न्हाई."

साखर उतरून तिचे हात थरथरत होते, कपाळावर घाम. साखरपाणी पुढे केलं तर तोंड फिरवलं. मी रडले, तेव्हा डोळे मिटून प्यायली. जन्मभराचा नेम मोडला!

तिची अर्धी भाकरी, जेवायची वेळ, सगळं मी ठरवून दिलं. जेवताना सोबत कोण, हे कसं सुचलं नाही?

मग तीच म्हणाली, "आन ते ताट. मोडला तो मोडला. पन तू म्होरं बस."

बसले. झाकण काढलं. दोघी खाली बघत जेवलो.